स्थळ चांगलं, पण घर भरलेलं

सांगलीच्या गावभागात स्वतःचं घर असलेला, निर्व्यसनी, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला एकेचाळीस वर्षांचा मुलगा (लग्न होईपर्यंत मुलगाच म्हणतात) अजून बिनलग्नाचा कसा, याची उत्तरं माझ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकली आहेत. आत्याच्या मते मी चोखंदळ. मामाच्या मते मंगळ. धाकटी काकू नुसतं "असेल काहीतरी" म्हणते, पण अशा आवाजात म्हणते की पुढचं विचारायची कुणाची छाती होत नाही. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात माझ्याखेरीज तिघं राहतात आणि तिघंही मेलेले आहेत.

गैरसमज नको. ही भुतं वाईट नाहीत. रात्री छातीवर बसत नाहीत, दार करकरवत नाहीत. दार करकरतं ते बिजागरीमुळे. उलट दूध उतू जायच्या आत गॅस बंद होतो, पावसात वाळत घातलेले कपडे आपोआप आत येतात. त्यांना एकच ध्यास आहे, माझं लग्न. आणि त्या ध्यासापायीच ते होत नाही.

पहिले बापू, माझे खापरपणजोबा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि या गावाला नाटकाचं जे खूळ लागलं ते आमच्या घरात बापूंच्या रूपानं शिरलं. पुढच्या काळातल्या एका मंडळीत ते राक्षसपार्टी होते. तेव्हाच्या नाटकात राक्षस विंगेतून साधा चालत येत नसे. राळेचा भपका उडायचा, हातात तलवार फिरायची आणि 'अलल्लल्ल डुर्र' अशी आरोळी ठोकून स्वारी अवतरायची. बापूंना जाऊन शंभरावर वर्षं झाली. पण दारात पाहुणा आला की त्यांना अजून विंगेत उभं असल्यासारखं वाटतं.

दुसरी आक्का, बापूंची लेक. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. अंगावर लाल आलवण, तोंडात तिखट भाषा. आक्काला गाण्याचा नाद. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं तिनं बाहेर बैलगाडीत बसून ऐकलं, असं ती सांगते. बापूंनी घरात कुणाला न विचारता तिला मिरजेचा तंबोरा आणून दिला होता. घरच्यांनी तो आठ दिवसांत माळ्यावर टाकला.

तिसरा मुंजा. तो तसा आमचा नव्हे, परसातल्या पिंपळाचा. वय आठ, शेंडी, जानवं आणि माझ्या मोबाइलचं व्यसन.

आई मावशीकडे असते. बाबा मात्र भूत झाले नाहीत. गेले ते सरळ गेले, पेन्शनचे कागद फायलीत क्रमानं लावून.

आता यांना माझ्या लग्नाची एवढी घाई का? मीही आधी प्रेम समजत होतो. मग आक्काच एकदा बोलून गेली. लग्नाआधी नांदीश्राद्ध करून पितरांना पहिलं बोलावणं करतात. या घरातलं शेवटचं लग्न आईबाबांचं, 1980 सालचं. म्हणजे इतकी वर्षं यांना कार्याचं आमंत्रण नाही, मान नाही, जिलबी नाही. जुनी माणसं म्हणतात, वासना राहिली की माणसाचा समंध होतो. आमच्याकडे समंधांचीच वासना ही की संबंध जुळावा.

माझी नोकरी मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेबाची. सौद्याच्या दिवसांत राजापुरी हळदीची पोती दिवसभर हलत असतात आणि संध्याकाळी मी कानाच्या पाळीपर्यंत पिवळा होऊन घरी येतो. आक्का उंबऱ्यावरच गाठते. "रोज अंगाला हळद लागतेय मेल्याच्या, आणि नवरीचा पत्ता नाही!" हा विनोद तिनं साधारण दोन हजार वेळा केला असेल. भुताला नवा विनोद सुचत नाही, हा माझा अनुभव आहे.

मागच्या वर्षी विश्रामबागचं एक स्थळ घर बघायला आलं. सांगलीत स्थळाला दोन उंच्या विचारतात, मुलाची आणि पुराची. मुलीच्या वडिलांनी चपला काढता काढताच विचारलं, "2019 ला पाणी कुठवर होतं?" मी स्विचबोर्डाच्या वितभर वरची रेघ दाखवली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हाची ती. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात माझ्यातून रेघ वजा केली. तरीही गाडी पुढे सरकत होती. मुलगी हसरी होती. पोहे आले. पोह्यांत आक्काचा हात लागला होता, म्हणजे चव उत्तम आणि बशी टेबलापासून बोटभर वर. मी ती घाईघाईनं दाबून खाली बसवली. एवढ्यात मुलीच्या आईनं कौतुकानं विचारलं, "घरात तुम्ही एकटेच का?"

यापेक्षा चांगला क्यू बापूंना आयुष्यात मिळाला नसेल. माजघरातून राळेचा वास आला. मी खोकलो. खुर्ची सरकवली. "शेजारी नाटकाच्या तालमी चालतात" एवढं म्हणेपर्यंत आरोळी घुमली आणि मुलीच्या वडिलांच्या हातातला चहा धोतराला नमस्कार करून फरशीवर गेला. "हा कोण पामर?" असा प्रश्नही आला, पण तो मला एकट्यालाच ऐकू आला असावा.

पत्रिकेत आधी अठ्ठावीस गुण जुळले होते. घर बघून गेल्यावर ते सोळा झाले.

त्या रात्री मी बापूंना चांगलं फैलावर घेतलं. ते ढिम्म. वर मलाच ऐकवलं की एकेचाळीसाव्या वर्षी बोहल्यावर चढायला निघालेला तू म्हातारा नवरदेव भुजंगनाथ आहेस, हरिपूरच्या देवलांनी 1899 सालीच 'शारदा' नाटक लिहून तुझं काय करायचं ते सांगितलंय. नाटकवाल्याशी भांडू नये. त्याच्याकडे दुसऱ्याचे संवाद तयार असतात.

मुंज्याची तऱ्हा वेगळी. त्याला लग्न म्हणजे काय हेच ठाऊक नाही, पण मोबाइलवर लाल बदाम दाबला की टुण्णकन उडतो एवढं कळलंय. मी झोपल्यावर विवाहाच्या साइटवर त्यानं त्रेसष्ट मुलींना बदाम पाठवले. त्यात दोघी माझ्या दूरच्या चुलत बहिणी होत्या. एक बदाम अडत दुकानाच्या शेठनाही गेला, ऐन सौद्याच्या दिवशी. शेठ काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी उलट टपाली नमस्काराचं चित्र आलं आणि तेव्हापासून ते माझ्याशी केबिनचं दार उघडं ठेवून बोलतात.

श्रावणात छप्पर गळायला लागलं. कौलं चाळायची, दोन वासे बदलायचे, पैसा नाही. तेव्हा मला माळ्यावरचा तंबोरा आठवला. 2019 च्या पुरात मी बोटीतून बाहेर पडलो होतो. पाणी उतरल्यावर आलो तर खाली गुडघाभर चिखल, आणि माळ्यावर तंबोऱ्याखाली चार पाट एकावर एक रचलेले. ते कुणी रचले हे मी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. फोटो काढला आणि विक्रीला टाकला. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं पेपरात वाचलेलं होतं, म्हणून किंमत दोन हजारांनी वाढवून टाकली. आक्का दिवसभर बोलली नाही. भूत गप्प बसलं की घर जास्त भयाण वाटतं.

रविवारी मिरजेहून एक बाई आल्या. गाण्याच्या शिक्षिका, पस्तीस-छत्तिसाच्या, खांद्याला शबनम, स्कूटरवरून भिजून आलेल्या. मी बापूंना आदल्या रात्रीच आईची शपथ घातली होती. त्यांच्या आईची. मुंज्याला जुना फोन देऊन पिंपळावर बसवला होता.

बाईंनी किंमत विचारली नाही. पदर खोचून जमिनीवर बसल्या, तंबोऱ्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला. "पंढरपूरकडचा भोपळा. कुठं चीर नाही." तारा पार गंजल्या होत्या. त्यांनी पिशवीतून नव्या काढल्या, चारही चढवल्या, खुंट्या पिळल्या. छेडल्यावर आवाज आला तो पत्र्याच्या डब्यासारखा. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बोट फिरवत, मान वर न करता त्यांनी विचारलं,

"घरात जीव आहे का?"

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, कळलं हिला.

"एकच आहे," मी खरं ते सांगितलं. "माझा."

त्या इतक्या हसल्या की हातातली तार सुटली. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो बरोबर जागी बसला की जवारी खुलते आणि तार गुंजायला लागते. हे मला पुढे समजलं. तोवर मी कान लाल करून दोरा शोधत होतो. शिवणाचा डबा गायब. परत आलो तर बाई चिमटीत एक दोरा धरून बघत होत्या. "हा काय, इथंच पडलेला." लाल सुती दोरा. फरशी मी सकाळीच पुसली होती, तिथं काही नव्हतं. एवढं लाल सूत आमच्या घरात एकाच वस्त्राला आहे.

बाईंनी दोरा तारेखाली घातला, नखानं केसाइतका पुढे केला, किंचित मागे घेतला. परत छेडलं. आणि तो पत्र्याचा डबा एकदम बोलायला लागला. सूर खोलीत भरला, देवघरातून फिरून परत आला. बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला. माळ्यावरून दोन टपोरे थेंब माझ्या मानेवर पडले. "गळतंय वाटतं," बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. बाहेर तेवढ्यात चक्क ऊन पडलं होतं, पण बापूंची अब्रू मी का घालवू?

"हा विकू नका," जाताना बाई म्हणाल्या. "पण नुसता ठेवलात तर मरेल. मी रविवारी येऊन वाजवत जाईन. चालेल?"

मी तोंड उघडायच्या आत देवघरातली घंटा वाजली. बाई तिकडे बघून मोकळेपणानं म्हणाल्या, "बरं, आज्जी." त्यांनी कुणाला काय पाहिलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही आमच्या आज्जी आहेत की नाहीत ते विचारलं नाही.

असे पाच रविवार झाले. छप्पर अजून गळतंय. तंबोरा विकलेला नाही, भडंग मात्र आठवड्याला किलोभर लागतो. आक्का पोह्यांची बशी टेबलावर टेकवून ठेवायला शिकली. बापू नुसतं माळ्यावरून खाकरतात. माझं काही पुढे सरकलं म्हणाल, तर बाईंना चहात साखर किती लागते एवढं पाठ झालं. धीर होईना.

मग सर्वपित्री आली. काका-काकू पुण्याहून आले. छतावर वडे, खीर, भात असं पान ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघायला लागलो. कृष्णाकाठचे कावळे एरवी खिडकीतून पोळी पळवतात. त्या दिवशी वीस-पंचवीस जण कठड्यावर ओळीनं बसले, जसे काही बैठकीला आलेत. एकही पुढे येईना. अर्धा तास गेला. काकांची दुपारची गाडी होती.

"काहीतरी इच्छा राहिली असेल रे," काकू म्हणाली आणि माझ्याकडे तिच्या त्या खास नजरेनं बघितलं.

"लग्न करतो म्हण!" काका खेकसले.

"करतो लग्न," मी पानाकडे बघून म्हटलं. एक म्हातारा कावळा पानापर्यंत आला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि थांबला. ती मान कशी वाकडी करायची हे मी लहानपणापासून बघत आलोय.

"कुणाशी ते नीट सांग की!" काका घड्याळ बघत म्हणाले.

मी खाली वाकलो आणि फक्त कावळ्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणालो, "तंबोऱ्याच्या बाईंशी. त्यांची हरकत नसेल तर."

पंखांचा असा फडफडाट झाला की काकूनं डोक्यावर पदर घेतला. दोन मिनिटांत पान चाटून पुसून साफ. द्रोणसुद्धा नेला एकानं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सकाळपासून तो मुंज्याकडे होता हे तेव्हा आठवलं. माझ्या नावानं बाईंना एक लाल बदाम गेलेला, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. पायाखालचं छत सरकलं. बदामाखाली उत्तर आलेलं होतं आणि ते नमस्काराचं चित्र नव्हतं.

"रविवारी येताना जीव घेऊन येते. तुमच्याकडे एकच आहे म्हणालात ना."

मी दुसऱ्यांदा वाचत होतो, तोवर माळ्यावरून राळेचा वास आला आणि पाठोपाठ आरोळी. काकांच्या हातातली खिरीची वाटी जिन्यावरून खाली खणखणत गेली.

"कोण ओरडलं रे?"

"शेजारी," मी म्हटलं. "नाटकाच्या तालमी चालतात."