शब्द लिहून ठेवले की काम संपत नाही

क्रिप्टो वॉलेटवरच्या लेखात ‘सीड फ्रेजचे (म्हणजे वॉलेट परत उभं करणाऱ्या गुप्त शब्दमालेचे) बारा शब्द कागदावर उतरवून जपून ठेवा’ एवढ्यावरच विषय आटोपला आहे. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. बीआयपी-३९ या सीड फ्रेज बनवण्याच्या प्रचलित पद्धतीत हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि इंग्रजी यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. त्यामुळे एखादा शब्द पार पुसला गेला तरी घाबरू नका. त्याची जागा माहीत असेल, तर चेकसममध्ये (शब्दांतच दडलेल्या पडताळणीत) बसणारे साधारण १२८ पर्यायच उरतात. ते ऑफलाइन संगणकावर तपासता येतात.

खरा घात होतो तो वरून जोडलेल्या पासफ्रेजमुळे, म्हणजे या शब्दांखेरीज आपण स्वतः ठरवलेल्या जादा परवलीमुळे. ती चुकली तर वॉलेट तसं सांगत नाही, सरळ दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं, आणि माणसाला वाटतं पैसे चोरीला गेले! म्हणून मोठी रक्कम टाकण्याआधी वॉलेट पुसून शब्दांवरून एकदा परत उभं करा, पैसे घेण्याचा पत्ता तोच येतो का बघा.

आणि कृपा करून शब्दांचा फोटो काढू नका, तो क्लाउडवर कधी जातो कळतही नाही. ‘शब्द पाठवा, वॉलेट परत मिळवून देतो’ म्हणणारा कुणीही असो, त्याला उत्तरसुद्धा देऊ नका.