भांड्यांवर नाव घातलेलं असतं

आमच्या गावात हस्तकला बाजार भरवायचा, हे बचत गटाच्या बैठकीत चहा येण्याआधीच ठरलं. तारीख ठरेपर्यंत मात्र उन्हाळा उजाडला. सिंधुदुर्गात कार्तिक लागला की रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा. रात्री दशावतार सोडून सुपं-रोवळ्या बघायला येणार कोण? गणपतीत पाऊस, शिमग्यात सोंगं. शेवटी मे महिना पक्का झाला. तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावात असतात आणि त्यांच्या खिशात पैसे असतात. ते बाहेर काढणं एवढंच काय ते उरतं.

मी त्या बैठकीला निव्वळ चहासाठी गेलो होतो. पण सरपंच म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." कोकणात कुणी तुमच्या अक्षराची स्तुती केली की समजावं, पुढचा महिना गेला.

पिंगुळीहून चित्रकथीवाले आले, बुरूड आले, सावंतवाडीहून लाखकामाची लाकडी फळं आली. शेजारीच बचत गटाचा खऱ्या आंब्यांचा स्टॉल लावायची कल्पना कुणाची होती ते अजून कळलेलं नाही. दिवसभर गिऱ्हाइकं लाकडी आंबे दाबून "पिकायला किती दिवस?" विचारत होती. एका चाकरमान्याने लाकडी केळ्यांचा डझनाचा भाव विचारला, तो ऐकून "गावातसुद्धा एवढी महागाई!" म्हणत निघून गेला. हेच गृहस्थ पुढे सुपामागे वीस रुपये सोडवण्यासाठी बुरडाशी अर्धा तास हुज्जत घालत होते. बुरूड मान खाली घालून दुसरं सूप विणत राहिला. ते पुरं व्हायच्या आत सौदा काही झाला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ घातला सरपंचांच्या दुसऱ्या कल्पनेने. गर्दी खेचायला म्हणे एक कोपरा 'गावच्या जुन्या वस्तूं'चा. प्रत्येक घराने माळ्यावरचं काहीतरी आणायचं, आणि मी चांगल्या अक्षरात चिठ्ठी लावायची.

वस्तू धो धो आल्या. तांब्याचे हंडे, पानाचे डबे, अडकित्ते, शेवयांचा साचा, लामणदिवे. आणि बायकांनी त्या चिंच लावून लख्ख घासून आणल्या, तिथेच घात झाला. कारण आपल्याकडे भांड्यांवर नाव घातलेलं असतं. पन्नास वर्षांची काजळी होती तोवर सगळं शांत होतं. काजळी गेली आणि टिंबाटिंबांची अक्षरं उठून दिसली.

पहिला आवाज परातीपाशी उठला. "वयनी, ही परात आमची गो! माझ्या आवशीन तुमच्या लग्नाक दिल्लली, ती परत इलीच नाय."

परातीच्या काठावर खरोखरच समोरच्या घरातल्या आजींचं नाव होतं. वहिनींनी चष्मा पुसला, नाव वाचलं, आणि काही न बोलता थेट शेजारच्या टेबलावरचा टोप उलटा केला. त्याच्या बुडाशी वहिनींच्या सासऱ्यांचं नाव निघालं. मग बायका रांगेने भांडी उलटी करत सुटल्या. गावात तीन पिढ्यांत लग्नाच्या पंगतींसाठी जेवढं म्हणून उसनं गेलं होतं, त्याचा निवाडा माझ्या टेबलावर सुरू झाला. मी आपला चिठ्ठ्या बदलत होतो. एका हंड्यावर आधी सोनाराने खरवडलेलं एक नाव, त्यावर दुसरं, आणि कडेला 'सप्रेम भेट' असं होतं. त्याला मी 'गावचा हंडा' अशी चिठ्ठी लावली. दोन्ही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आमच्या घरची वस्तू मात्र निर्धोक होती. आत्याने फणसाच्या लाकडाची पेटी दिली होती, आत आजोबांची दशावतारी गंजिफा. हातावर मावणारे गोल पत्ते, वर लाख चढवलेली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२० पत्ते, तिघांत चाळीस-चाळीस. दिवसा उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. एवढं मी चिठ्ठीवर लिहिलं आणि खाली हौसेने जोडलं, 'खेळणारे आजोबा गावचे न्यायनिवाडे करीत.'

सावंतवाडीचा कारागीर पत्ते बघायला आला. हळूच एक राजा उचलला, पाठ उजेडाकडे तिरकी केली, मग दुसरा राजा, मग तिसरा. लाखेत काठाजवळ नखाएवढी बारीक खाच होती, दहाही राजांना. प्रधानांना नाही.

"ही खूण कारागिराची नव्हे," तो अदबीने म्हणाला. "खेळणाऱ्याची."

आत्या अभिमानाने म्हणाली, "बाबा कधी हरलेच नाहीत!"

हे नेमकं ऐकलं ते वरच्या वाडीतल्या एका आजोबांनी. ते काठी टेकत पुढे आले, राजा हातात घेतला, खाचेवरून अंगठा फिरवला. "तुझ्या आजोबान माझ्या बापाशीचो फणस गंजिफेत जिकलेलो. तो फणस माका परत होयो."

मी सांगितलं, फणस कधीच तोडला, त्याच्या फळ्या काढल्या. "मगे फळ्यो खय हत?"

आमच्या पुढच्या दरवाजात. आणि समोरच्या पेटीत, पण ते मी बोललो नाही.

बाजार उठला. सुपं संपली, लाकडी केळी शेवटी पर्यटकांनी नेली, परात आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दारात हजर. त्यांनी दरवाजावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि खूश होऊन मान डोलावली.

"दरवाजो हयच रवांदे," ते म्हणाले. "पण तेच्यार माझ्या बापाशीचा नाव घालून घे."

आतून आत्याचा आवाज आला, "घाल खुशाल! पण कडी नि बिजागऱ्यो आमच्यो!"