ली करान यांचे काळे डोंगर परंपरेतूनच आलेत

विसाव्या शतकातल्या चिनी निसर्गचित्रकारांनी पाश्चात्त्य वळण घेतलं आणि परंपरा मागे पडली, हे तुमच्या चिनी निसर्गचित्रांवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. ली करान (१९०७–१९८९) यांचंच बघा. त्यांचे डोंगर काळेकुट्ट असतात आणि मधूनच धबधब्याची एक पांढरी रेघ खाली उतरते. ती रेघ म्हणजे कोरा सोडलेला कागद! मागून येणाऱ्या उजेडाची जाण त्यांनी डच चित्रकार रेम्ब्राँकडून घेतली असेल, पण शाईवर शाई चढवण्याची रीत गुरू हुआंग बिनहोंग यांची. एक थर वाळला की दुसरा, मग तिसरा, आणि तरी चित्र घुसमटता कामा नये. शाई एकदा कागदात मुरली की खोडायची सोय नाही, त्यामुळे हे फार अवघड काम आहे.

हुआंग बिनहोंग यांनी तर जन्मभर जुन्या चित्रांचा अभ्यास केला आणि सगळ्यात धीट, जवळजवळ अमूर्त वाटणारी चित्रं काढली ती ऐंशी ओलांडल्यावर, मोतीबिंदूने नजर अंधुक झालेली असताना. परंपरेत इतकं मुरल्याशिवाय हे धाडस त्यांना जमलंच नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

लेखात राजकारणाचा उल्लेख मात्र अपुरा राहिला. १९७४ मध्ये, चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, ली करान यांच्या चित्रांवर ‘काळी चित्रं’ (म्हणजे राजकीयदृष्ट्या आक्षेपार्ह) म्हणून जाहीर टीका झाली, ते यायला हवं होतं.

हुआंग बिनहोंग यांच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा. चित्रं मात्र मोठ्या आकारात द्या, छोट्या फोटोत शाईचे थर दिसतच नाहीत.