टिळकांचा विसरलेला पक्ष आणि सरपणापर्यंत पोहोचलेला जाहीरनामा

लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये ‘काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी’ या नावाचा पक्ष काढला होता, ही गोष्ट आज अभ्यासकांखेरीज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १ ऑगस्टला टिळक गेले, सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घालण्याचे ठरवले, आणि ज्या निवडणुकीसाठी हा पक्ष उभा राहिला होता ती होण्यापूर्वीच तो जवळजवळ मिटला. इतक्या अल्पायुषी पक्षाविषयी आज लिहावेसे वाटते ते त्याच्या जाहीरनाम्यामुळे. राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या पक्षाने लोकांपुढे काय घेऊन जावे, याचा इतका तपशीलवार विचार त्यात आहे की खान्देशातल्या वाचकाला तो आपल्याच तालुक्यासाठी लिहिल्यासारखा वाटावा.

वरच्या पातळीवरच्या मागण्या अपेक्षित अशाच होत्या. माँटेग्यू सुधारणा, म्हणजे १९१९ च्या कायद्याने ब्रिटिशांनी देऊ केलेले मर्यादित राज्यकारभाराचे हक्क, अपुऱ्या व निराशाजनक असल्या तरी त्या राबवायच्या, आणि लोकेच्छा सफल करण्यासाठी प्रसंग पाहून सरकारशी सहकार्य किंवा सनदशीर विरोध करायचा, ही पक्षाची भूमिका होती. दडपशाहीचे कायदे रद्द करणे, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण, मजुरांना किमान वेतन आणि भाषावार प्रांतरचना हीही कलमे होती. पण मला महत्त्वाची वाटतात ती प्रांतिक कार्यक्रमातली कलमे: रयतेचा जमिनीवरील हक्क, न्याय्य शेतसारा, राखीव व संरक्षित जंगलांत चराई, सरपण आणि वाळलेले लाकूड यांसाठी गावाचे सामुदायिक नियंत्रण, आणि वेठ, बिगार व सरबराई यांना संपूर्ण बंदी.

या कलमांचे वजन आपल्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. १८५२ साली सरकारी मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातील शेतकरी तिच्याविरुद्ध उठले होते, कारण मोजणीमागोमाग साऱ्याची आकारणी येणार हे त्यांना कळत होते. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांना जंगल राखीव झाल्यावर ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या मोळी आणली त्याच रानात गुन्हेगार ठरावे लागले. सरबराई म्हणजे दौऱ्यावर आलेल्या साहेबासाठी दूध, कोंबड्या, वैरण आणि बैलगाड्या गावाने पुरवायच्या, मोबदला मिळो वा न मिळो. स्वराज्याची मागणी आणि आदिवासी बाईच्या डोक्यावरची मोळी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या, हे मी या पक्षाचे सर्वांत मोठे काम मानतो.

जाहीरनाम्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यात मुलामुलींचा भेद न करता सक्तीचे व मोफत शिक्षण मागितले आहे, आणि स्त्री-पुरुष भेदाशिवाय मताधिकारही मागितला आहे. परंतु त्याच वर्षी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणावरून वाद पेटला, तेव्हा निधीच्या अडचणीचे कारण देऊन आधी मुलांना सक्ती करावी, अशी बाजू टिळकांच्या गोटाने घेतली होती. जातीवर आधारित निर्बंध दूर करण्याचे वचनही जाहीरनाम्यात आहे, पण १९१८ च्या मुंबईतील अस्पृश्यता निवारण परिषदेत जोरदार भाषण करूनही आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर टिळकांनी सही केली नव्हती. बहुजन समाजातील अनेकांनी या पक्षाकडे संशयाने पाहिले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे या कार्यक्रमाचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी गेले. भाषावार प्रांतांचे तत्त्व डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसच्या घटनेतच आले. केळकर, जयकर, मुंजे, अणे यांनी १९२६ मध्ये प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारच्या वागण्यानुसार सहकार्य वा विरोध करण्याचा, पक्ष उभा केला, पण त्यांचा भर मंत्रिपदे स्वीकारावीत की नाही या प्रश्नावर राहिला. टिळकांचा डावपेच त्यांनी घेतला, जंगलाचे आणि वेठीचे कलम मागे पडले. शेतसारा आणि शेतमजूर यांचा विषय ठळकपणे पुन्हा वर आला तो १९३६ साली, आपल्या फैजपुरात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनात.

जंगलाच्या कलमाला मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले. गावाच्या हाती रान दिले तर काय होते हे साक्री तालुक्यातील बारीपाड्याने कायद्याच्या आधीपासूनच दाखवले आहे, आणि तिथल्या या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर ते देशालाही कळले. आता जो कोणी राष्ट्राच्या नावाने धडगाव, अक्कलकुवा, साक्री, चोपडा, यावल भागात मते मागायला येईल, त्याच्याकडे ग्रामसभेने सामूहिक वनहक्काबद्दल आणि शेतमजुरीच्या दराबद्दल लेखी भूमिका मागावी. टिळकांच्या पक्षाने ती १९२० साली, कोणी न मागता, छापून दिली होती.