निकाल लागेल तेव्हा लागेल, मी जानेवारीत येतोय

मी राहतो त्या गावच्या रेल्वे स्टेशनवर गावाचं नाव दोनदा लिहिलेलं आहे. बील, मग एक तिरपी रेघ, मग बिएन. पहिलं जर्मन, दुसरं फ्रेंच, आणि 1 जानेवारी 2005 पासून तर स्वित्झर्लंडच्या सरकारी कागदावर गावाचं अधिकृत नावच ते आहे, रेघेसकट. मी इथे आलो 2014 च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी जुलैत आमच्या बेळगावशेजारच्या येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' लिहिलेला फलक पाडला होता, गावात लाठीमार झाला होता, आणि मी येऊन दोन महिने होतायत तोवर 1 नोव्हेंबरला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं. तर हे सगळं डोक्यात ताजं असताना मी सूटकेस घेऊन त्या स्टेशनवरच्या बोर्डाखाली उभा होतो आणि मला खरं सांगतो, रडायला आलं.

बारा वर्षं झाली. मी बेळगावातल्या शहापूरचा. बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर होते, मी डिप्लोमा करून त्याच लाइनीत गेलो आणि फिरत फिरत इथल्या लेथ बनवणाऱ्या कंपनीत पोचलो. इथली थंडी, भाडं, एकटेपणा यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय, मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते बेळगावबद्दल, कारण यंदाच्या पावसाळ्यात पाच आठवडे घरी राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी बेळगावसाठी भांडत होतो पण बेळगावकडे नीट बघितलंच नव्हतं.

सीमाभागाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, लाखो मराठी माणसं एका रात्रीत दुसऱ्या भाषेच्या राज्यात. त्याआधी जानेवारीतच गोळीबारात माणसं गेली, त्यांचा हुतात्मा दिन आम्ही 17 जानेवारीला पाळतो. मग महाजन आयोग आला, 1967 ला त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला आणि तेव्हापासून तारीख पे तारीख. लहानपणी 1 नोव्हेंबर म्हणजे सकाळी काळी फीत लावून बाबांच्या सायकलच्या नळीवर बसून काळ्या दिनाच्या फेरीला जायचं आणि संध्याकाळी खिडकीतून चन्नम्मा सर्कलकडे निघालेल्या कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या गाड्या बघायच्या. एकाच दिवशी एकाच गावात एक सुतक आणि एक सण. मला तेव्हा ते नॉर्मल वाटायचं.

आता इथलं सांगतो. बीलमध्ये जर्मनवाले जास्त, फ्रेंचवाले चाळीस टक्क्यांच्या आसपास. गल्लीबोळातल्या पाट्यासुद्धा दोन्ही भाषेत. पण मला पाट्यांपेक्षा आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, इथे एक अलिखित रीत आहे की जो आधी बोलेल त्याची भाषा चालवायची. बेकरीत मी आत शिरताना 'बोंजूर' म्हटलं की ती बाई फ्रेंचमध्ये बोलणार, 'ग्रुएसेख' म्हटलं की जर्मनमध्ये, आणि तिची स्वतःची भाषा कुठली ते मला आजपर्यंत माहीत नाही. तीच रीत नगरपालिकेच्या खिडकीवरही. फॉर्म कुठल्या भाषेत हवा एवढंच विचारतात.

माझ्या आजीला वारस नोंदीसाठी एका कार्यालयातून नोटीस आली होती, पूर्ण कन्नडमध्ये. आजी चौथी शिकलेली, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई, आणि तो कागद हातात घेऊन ती गल्लीत तीन घरं फिरली कोण वाचून दाखवतंय का म्हणून. तिसऱ्या घरी कळलं की हरकतीची मुदत काल संपली. आजीची ती फिरणारी पाठ मी विसरू शकत नाही. त्यामुळे 'भाषेचा एवढा काय इश्यू करता' असं बेंगळूर-पुण्यातले मित्र म्हणतात ना, त्यांना मी एवढंच सांगतो की ज्या ठिकाणी भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के आहेत तिथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेतही द्यावीत असं केंद्राने 1956 लाच मान्य केलेलं आहे. मराठी परिपत्रकांची मागणी ही मेहरबानीची मागणी नाही.

आणि स्वित्झर्लंडात सगळं गोडीगुलाबीने झालं असंही कुणी समजू नये. बीलपासून ट्रेनने जवळच मूटिये नावाचं गाव आहे, सात-साडेसात हजार वस्तीचं. सगळं गाव फ्रेंच बोलणारं, पण राज्य 2025 पर्यंत बर्न, जर्मन बहुसंख्य. त्या भागाला ज्युरा म्हणतात. साठच्या दशकात तिथे जाळपोळ झाली, बॉम्ब फुटले. मग मतदानं झाली, आधी सगळ्या भागाचं, मग जिल्ह्यांचं, मग सीमेवरच्या एकेका गावाचं, आणि 1979 ला ज्युरा हे नवं राज्य झालं. मूटिये तेव्हा मागे राहिलं. 2017 ला परत मत घेतलं, 137 मतांनी ज्युरावाले जिंकले, तर मतदार यादीतल्या गडबडीमुळे आणि नगरपालिकेने केलेल्या प्रचारामुळे ते मतदानच रद्द झालं. 2021 ला पुन्हा मत, सुमारे पंचावन्न टक्के लोकांनी ज्युरा म्हटलं, आणि यंदाच्या 1 जानेवारीला, 2026 ला, गाव अखेर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं. गोळीबार नाही, बस बंद नाही.

आमच्या कंपनीत मूटियेचे बरेच कामगार आहेत कारण ते गाव लेथ मशीनचं गाव आहे, घड्याळाचे बारीक पार्ट काढणाऱ्या ऑटोमॅटिक लेथ तिथे शंभर वर्षांपासून बनतात, उद्यमबाग आणि त्यांच्यात मला फार साम्य वाटतं. त्यातल्या एकाला मी जानेवारीत विचारलं की जिंकलात, कसं वाटतंय. तो बर्नच्या बाजूने मत दिलेला निघाला! म्हणाला, माझा भाऊ ज्युरावाला, दोघं मिळून बापाची शेड चालवतो, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं मशीनवर होतो. पन्नास वर्षं भांडण चालू असतानाही गावाने आपली शाळा, आपली कारखानदारी, आपली नदी थांबवून ठेवली नाही असं तो म्हणाला आणि हे माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं. कारण आमच्याकडे 'सीमाप्रश्न सुटला की मग बघू' हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय, शाळेच्या गळक्या कौलांबद्दल, नाल्याबद्दल, वाचनालयाच्या वर्गणीबद्दल पण.

तर जुलै. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून आलो होतो. याआधीच्या सुट्ट्या म्हणजे पंधरा दिवसांत तीन लग्नं, कुंदा आणि मांडे बांधून घ्यायचे की परत. यावेळी बाबांना फिजिओथेरपीला सोडून रोज दोन तास मोकळे मिळायचे आणि मी पायी फिरायचो. बेळगावची ती बारीक झड, छत्री घेतली तरी भिजवणारी, कॅम्पातली ओली झाडं, व्हॅक्सिन डेपोतला चिखलाचा वास, रामदेव गल्लीत पावसात प्लास्टिक पांघरून बसलेल्या भाजीवाल्या मावशी. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघितली. 1924 ला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि ते बेळगावात, त्या अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली ही विहीर. नव्वदच्या दशकात गावात पाण्याचे हाल झाले तेव्हा अशा जुन्या विहिरी शोधून, गाळ काढून परत वापरात आणल्या होत्या, हे मी शाळेत असताना घडलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. 1 नोव्हेंबरच्या सगळ्या घोषणा मात्र तोंडपाठ.

एका दुपारी शहापूरच्या शिवारात गेलो. बळ्ळारी नाला तुंबून पाणी भातात शिरलं होतं, दरवर्षी शिरतं, गाळ काढा म्हणून शेतकरी बोंबलतात, तरी शिरतंच. आमच्या नात्यातले एक काका बांधावर उभे होते, त्यांनी पाण्यात हात घालून रोप उपटून माझ्या हातात दिलं, मुळाशी पांढरं आणि बुळबुळीत झालेलं, कुजलेला वास. "बघ की, बासमती हाय," एवढंच म्हणाले. पेरणी परत करायची. पलीकडचा वाफा एका लिंगायत शेतकऱ्याचा, तोही पाण्याखाली, तेही तसेच गुडघाभर पाण्यात उभे. बासमतीचा तो वास, शिजताना चार घरं लांब जायचा तो, या शिवारातला आहे आणि एकीकडून नाला आणि दुसरीकडून हलगा-मच्छे बायपास असं ते शिवार संपत चाललंय. राज्य कुठलं का असेना, गाळ तोच आहे.

आणि मग उद्यमबाग. बाबांना बरं वाटायला लागल्यावर त्यांनीच हट्ट केला की मामांकडे ने. मामा म्हणजे बाबांच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं काम केलेले मिस्त्री, बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड. बाबा त्यांच्याशी मराठीत बोलतात, ते बाबांशी कन्नडमध्ये, बावीस वर्षं असंच. 1986 ला कन्नड सक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात बाबा आठ दिवस हिंडलग्याच्या जेलात होते तेव्हा बाबांचं मशीन मामांनी स्वतःची पाळी संपवून चालवलं आणि पीसरेटचे पैसे आणून आईच्या हातात दिले. हे मला यावेळी कळलं. बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं, ते म्हणाले त्यात काय सांगायचं.

मामा आता भाच्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवतात. बेक्किनकेरेचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा लेथवर होता, हायड्रॉलिक सिलिंडरच्या पिस्टनवर सीलची खाच पाडत होता. शेवटचा कट. वीस मायक्रॉनच्या वर गेलं तर जॉब भंगारात. पोरगा घाबरून हँडल झटक्याने फिरवत होता. मामांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला, तो हात तेलाने काळा झालेला, नखं तुटलेली, आणि दोन हातांनी मिळून ते हँडल असं फिरलं की मला हलताना दिसलंच नाही. मामा म्हणत होते, "सावकाश... सावकाश..." पोरगा म्हणाला, "व्हय मामा." आता मामांसाठी 'सावकाश' हा शब्द कन्नड होता, आमच्या भागातल्या कन्नडमध्ये तो रोजचा आहे, आणि पोरासाठी मराठी. दोघांनाही भाषांतर करावं लागलं नाही. टूल बाहेर काढलं, मामांनी खाच बोटाने पुसली, मापली, आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. जॉब पास.

मी बाबांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते.

बीलमध्ये ज्याचं मला एवढं कौतुक वाटलं ते आमच्या उद्यमबागेत कुणी कागदावर न लिहिता चाललेलं होतं. मान्य, फेब्रुवारी 2025 मध्ये बसमध्ये तिकिटावरून आणि भाषेवरून मारामारी झाली, दोन्ही राज्यांच्या एसटी काही दिवस बंद होत्या, तेही बेळगावच आहे. मी डोळे मिटून बोलत नाहीये. पण बातमीत फक्त बस येते आणि ते हँडल येत नाही, आणि मी बारा वर्षं लांबून फक्त बातमीतलं बेळगाव बघत होतो.

त्या पोराला ड्रॉइंग वाचता येत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआय, पुस्तकं इंग्रजीत, समोरच्या शीटवरची टॉलरन्सची, माप किती चुकलं तर चालेल त्याची, खूण म्हणजे काय ते त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही. बैलहोंगलच्या पोरांचीही तीच गत, फक्त भाषा कन्नड. स्वित्झर्लंडात दोन तृतीयांश पोरं शाळा संपली की अप्रेंटिसशिपला जातात, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि बाकीचे शाळेत, आणि बीलमध्ये ती आपल्या भाषेत शिकतात, फ्रेंच असो की जर्मन. आमची पोरं हातात कमी नाहीत, मी छातीवर हात ठेवून सांगतो.

म्हणून मी ठरवलंय. येत्या जानेवारीपासून दरवर्षी सहा आठवडे सुट्टी साठवून यायचं, कंपनीने बिनपगारी मान्य केलंय. मामांच्या भाच्याच्या शेडमध्ये संध्याकाळी सात ते नऊ, आठ पोरं, ड्रॉइंग वाचणं आणि मोजमाप. मी मराठीत सांगणार, मामा कन्नडमध्ये. प्रत्येक शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत. शब्दांची वही मी आणि मामा व्हॉट्सॲपवर आत्तापासून भरतोय, सध्या दीडशेच्या आसपास शब्द झालेत. मित्र म्हणाले, कन्नड पोरांना शिकवणार म्हणजे तू सीमाप्रश्न सोडलास का? नाही सोडला. मी आलो की 17 जानेवारीला बाबांबरोबर हुतात्म्यांना अभिवादन करायला जाणार आणि आजीसारख्या म्हातारीला तिच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे म्हणून मराठी परिपत्रकांच्या निवेदनावर सही पण करणार. त्याच संध्याकाळी सातला शेडवर असेन. दुसरा एक मित्र म्हणाला, सहा आठवड्यांनी काय होणार. मलाही नीट माहीत नाही. पण सीमाप्रश्न सुटायची वाट बघत मी माझ्या आयुष्यातली चाळीस वर्षं घालवली आणि तेवढ्यात त्या शेडमधून किती पोरं ड्रॉइंग न वाचता येता गेली असतील.

काल मामांचा व्हॉइस मेसेज आला, अर्धा कन्नड अर्धा मराठी, मागे लेथचा आवाज. बेक्किनकेरेचा पोरगा आता खाच एकट्याने पाडतो म्हणे. आणि येताना एक ब्लेड मायक्रोमीटर, खाचेचं माप घ्यायचा, आण, इथला पडून बिघडला, झिरोच लागत नाही, तुझ्या तिथला चांगला असतो. घेतलाय, कपाटात ठेवलाय, पाच-सहा लोकरी मोज्यांत गुंडाळून.