कोच बदला म्हणणाऱ्यांनी आधी हजेरीची वही बघावी

ढाक्यात भारत-बांगलादेश फुटबॉल मॅच संपून पाच मिनिटं झाली नव्हती तोवर आमच्या ग्रुपवर भारताच्या कोचबद्दल मेसेज पडला, 'खालिदला नारळ द्या.' त्याच्या मागोमाग दुसरा, 'एक नको, पोतंच द्या.' कोल्हापूरचा माणूस हरलेल्या मॅचवर रडत बसत नाही. आधी कुणाला तरी घरी पाठवतो, मग जेवायला बसतो.

राग मलाही आला होता. बांगलादेशाकडून आपण २००३ नंतर पहिल्यांदा हरलो. अकराव्या मिनिटाला एक गोल खाल्ला आणि उरलेल्या ऐंशी मिनिटांत तो फेडता आला नाही. आशियाई कपच्या पात्रता फेरीत पाच मॅच आणि दोन पॉइंट. आशियाई कप तर सिंगापूरनेच आधी हातातून काढून घेतला होता. म्हणून त्या रात्री फोन उलटा ठेवून झोपलो. आज दोन दिवसांनी, २० नोव्हेंबर २०२५ ला, लिहितोय, कारण कट्ट्यावर बोललं की आवाज मोठा असणाराच जिंकतो.

खालिद जमील कोच म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्याच्या आधी मानोलो मार्केझ होता, तो एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळायचा आणि देशही. आठ मॅचमध्ये एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. खालिदने आल्या आल्या मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं, ओमानला टायब्रेकरमध्ये काढलं आणि तिसरा नंबर आणला. तेव्हा याच ग्रुपवर 'आपला माणूस आपला असतो' चाललं होतं. सव्वीस जानेवारीला लागतो तसा तिरंगा डीपीवर लावलेले दोघेजण आज नारळवाल्यांत आहेत. नावं घेत नाही, सकाळी दूध कट्ट्यावर भेटतात.

१४ ऑक्टोबरला आम्ही चौघं गाडी काढून आंबोलीमार्गे गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो. सिंगापूरशी घरची मॅच. पाच दिवस आधी त्यांच्या घरी आपल्या झिंगनला रेड कार्ड मिळूनही दहा जणांनी नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी केली होती, त्यामुळं अंगात वारं होतं. छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल मारला आणि आम्ही स्टँडमध्ये कोल्हापूरचं शाहू स्टेडियमच असल्यासारखे नाचलो. मग त्यांच्या साँग उई-यंगने हाफ टाइमच्या तोंडावर एक आणि नंतर अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा घातला. अजून अर्धा तास बाकी होता. मी त्या अर्ध्या तासात एकच गोष्ट शोधत होतो. आता दुसरा बेत कुठला? मला तो दिसला नाही. खालिदवर माझा राग असेल तर त्या अर्ध्या तासाचा आहे, ढाक्याचा नाही.

येताना सावंतवाडीजवळ चहाला थांबलो. आमच्यातला एकजण पूर्वी लेफ्ट बॅक खेळायचा. तो ग्लास फिरवत म्हणाला, "कोचनं काय करायचं सांग की भावा. एप्रिलपासनं लीग बंद हाय. पोरं मॅच खेळल्याली न्हाईत आणि ह्यानं आठवड्यात काय पाजायचं त्यास्नी?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आयएसएल, म्हणजे देशातली मुख्य लीग, कधी सुरू होणार याचा तेव्हा पत्ता नव्हता, फेडरेशनच्या कराराचं भिजत घोंगडं. देशाच्या ऑगस्टच्या कॅम्पला मोहन बागान क्लबने पोरं सोडलीच नाहीत. हे ऐकताना मला एक वही आठवली, आणि सावंतवाडीपासून घरापर्यंत मी गाडीत गप्पच होतो.

आता ती गोष्ट सांगतो. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात. आमच्या तालमीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा फुटबॉल कमिटीत होतो. आमचे कोच शाळेत पीटी शिकवायचे, सगळे त्यांना सरच म्हणायचे. त्या सीझनला लीगमध्ये पाच मॅच झाल्या, एक जिंकली, एक बरोबरीत, तीन हरलो. तिसरी हरलो ती पेठेतल्या पेठेत, शेजारच्या तालमीकडून. कोल्हापुरात याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भाजी आणायला गेलं तरी माणसं स्कोअर विचारतात. त्याच रात्री तालमीत मीटिंग लागली. सात-आठ जण बोलले, मीही बोललो. माझं वाक्य आजही पाठ आहे, "सर, पोरांच्यात आता तुमचा धाक राहिला न्हाई." किती सोपं वाक्य. पुरावा लागत नाही आणि ऐकणारे माना डोलावतात.

सर वाद घालत बसले नाहीत. शिट्टी आणि पिशवीतले कोन टेबलावर ठेवले आणि दोनशे पानी चौकटीची वही माझ्या हातात दिली. "पुढच्याला लागंल," एवढंच म्हणाले. चप्पल घालताना एक पट्टा निघाला होता तो लावत थोडा वेळ दारात वाकून उभे राहिले, मग गेले. मी वही स्कूटरच्या डिकीत टाकली. नव्या कोचला द्यायची राहिली. खरं सांगायचं तर विसरलो.

दोन महिन्यांनी पंक्चर काढायला डिकी रिकामी केली तेव्हा ती सापडली. दुकानात बसून चाळली. प्रत्येक दिवसाची हजेरी होती. बावीस पोरांची नावं उभी, तारखा आडव्या. एक पान मला अजून दिसतं:

'मंगळवार. ९ जण. गांधी मैदानात पाणी. शाळेच्या पटांगणात फक्त पासिंग.'
'बुधवार. ७ जण. दोघे बाहेरगावी टूर्नामेंटला.'
'गुरुवार. ११ जण. परदेशी दोघे आज आले. शनिवारी मॅच.'

ती शनिवारची मॅच आम्ही ०-२ हरलो होतो, आणि परदेशी खेळाडूला पास का जात नाहीत म्हणून गॅलरीतून सरांचा उद्धार झाला होता. त्यात माझाही आवाज होता. अख्ख्या वहीत अकराच्या अकरा एकत्र सरावाला आल्याचे दिवस मोजले, सहा भरले. शेवटच्या पानांवर दर मॅचखाली एक ओळ होती, 'गोल कसा गेला.' पहिल्या दोन मॅचमध्ये डाव्या बगलेतून. पुढच्या तीनमध्ये तिथून एकही नाही. म्हणजे माणूस भोक बुजवत होता. फक्त नवीन भोक पडत होतं आणि तिकडं लक्ष द्यायच्या आत आम्ही त्याला घालवला.

नवा कोच आला. पहिल्या दोन मॅच जिंकल्या, आम्ही फटाके वाजवले. सीझन संपला तेव्हा तक्त्यात जिथे असतो तिथेच होतो.

मी काही सरांची माफी मागायला वगैरे गेलो नाही. रंकाळ्यावर दिसले की हात करतो, तेही करतात.

तेव्हापासून कोचचा विषय निघाला की मी दोन गोष्टी विचारतो. पोरं किती दिवस हातात होती? आणि टीम दर वेळी एकाच पद्धतीने हरते का? पुढच्यांनी नुसत्या जागा भरल्या, मागच्यांनी चुका केल्या, रेफ्रीने घाण केली, हे सगळं चालतं. पण एकच गोल पाच वेळा खाणारी टीम असेल तर कोचचं डोकं थांबलंय. तसाही एक कोच आम्ही पाहिलाय, बरं का. कॉर्नर आला की लांबच्या पोस्टला मोकळा माणूस, हमखास. तीन सीझन हेच. पण तो एका बड्या कार्यकर्त्याचा पाहुणा, म्हणून त्याला 'आणखी एक संधी' मिळत राहिली. संधी द्यायची ताकद आमच्यात भरपूर आहे, फक्त ती चुकीच्या घरी जाते.

गंमत अशी की याच तालमींतून कुस्ती वाढली. पठ्ठ्या खासबागेच्या कुस्ती मैदानात चितपट झाला म्हणून वस्ताद बदलल्याचं कुणी ऐकलंय? लोक म्हणतात, अजून मेहनत पाहिजे, दम कमी पडला. आणि बाजूच्या खोलीत त्याच तालमीचे फुटबॉलवाले पाच मॅचनंतर कोचचा हिशोब करून मोकळे होतात. आता कोणी म्हणेल, वस्तादाकडं पोरगं पहाटे चारला येतं, तिथंच जेवतं, तिथंच झोपतं, वर्षानुवर्षं. अगदी बरोबर. माझाही मुद्दा तोच. देशाच्या कोचला पोरं मिळतात आठ-दहा दिवस, तीही क्लबच्या मर्जीने. त्याला वस्ताद म्हणायचं नाही आणि वस्तादाचा जाब मात्र विचारायचा.

खालिदचा स्वतःचा इतिहास बघा. मुंबई एफसीत तो सात वर्षं होता. पैसा कमी, नाव नसलेली पोरं, आणि दर वर्षी क्लब आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पहिल्या लीगमध्ये, टिकवायचा. बचाव करतो, बघवत नाही, ही ओरड तेव्हाही होती. २०१६ मध्ये तिथून बाहेर पडला आणि मिझोरामच्या ऐजॉलला गेला, आदल्या सीझनला खाली घसरलेल्या टीमकडे. त्याच सीझनला, एप्रिल २०१७ मध्ये, मोहन बागानला एका पॉइंटने मागे टाकून ऐजॉल चॅम्पियन झालं. आणि त्याच तक्त्यात सगळ्यात खाली कोण होतं? मुंबई एफसी. हा माणूस थोड्या सामानात संसार करतो. पण त्याला रोज सकाळी मैदान लागतं, हेही यातून दिसतं, आणि देशाच्या नोकरीत नेमकं तेच मिळत नाही.

कुणी तरी खाली कमेंटमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. फर्ग्युसनचं उदाहरण प्रत्येक हरलेल्या कोचच्या खिशात असतं. त्याला थांबवून ठेवलं आणि सोनं झालं, हे खरं. पण युनायटेडच्याच टेन हागचंही बघा. २०२४ मध्ये युनायटेड लीगमध्ये आठवे आले, एका एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवलं आणि त्या आनंदात करार वाढवून दिला. ऑक्टोबरमध्ये घालवला. एका मॅचवर घालवणं जितकं चूक, तितकंच एका मॅचवर ठेवणं.

आपल्याला बाहेर जायची गरजही नाही. २०१५ मध्ये कॉन्स्टंटाइन दुसऱ्यांदा भारताचा कोच झाला, मार्चमध्ये रँकिंग १७३ ला घसरलं. जूनमध्ये आपण गुआमकडून हरलो. गुआम! नकाशात बोट ठेवायला भिंग लागेल. त्या वर्ल्ड कप पात्रता फेरीत आठपैकी सात मॅच गेल्या. कोल्हापुरात असता तर त्याला शहराबाहेर तावडे हॉटेलपर्यंत सोडायला अख्खी पेठ गेली असती. फेडरेशनने ठेवला. दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, रँकिंग ९६ आणि पुढे २०१९ च्या आशियाई कपचं तिकीट. याउलट पुढच्या कोचला, स्टिमाचला, २०२३ मध्ये लांब करार दिला, आशियाई कपमध्ये तीन मॅचमध्ये एक गोल झाला नाही, गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं, आणि जून २०२४ मध्ये काढल्यावर नुकसानभरपाईही मोजावी लागली. थांबणंही महाग पडतं कधी कधी, मला ते कळतं.

मग खालिद? माझं मत, ठेवावा. पण 'आपला' म्हणून नको, ती भाषा मला आवडत नाही. आणि चुका माफ म्हणूनही नको. काफामध्ये सुनील छेत्रीशिवाय टीम उभी राहत होती. सिंगापूरसाठी एक्केचाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलावलं, तिथं खालिद घाबरला असं मला वाटतं. छेत्रीबद्दल आदर आहेच, माझ्या पोराच्या खोलीत त्याचंच पोस्टर आहे. पण नऊ नंबरची, म्हणजे गोल मारणारी, पोरं तयार होत नाहीत ही दुखणी त्याला पुन्हा पुन्हा उभं करून झाकता येत नाहीत. आणि फातोर्ड्याचा तो अर्धा तास मी विसरणार नाही.

मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगशी घरची मॅच आहे. निकालाला काही अर्थ नाही, कप तर गेलाच. म्हणूनच ती मी बघणार आहे. छेत्री आता थांबलाय, त्यामुळं त्याच्या आड लपायला कुणी नाही. खालिद नवीन पोरगा उतरवतो की जुनाच हिशोब काढतो, आणि मागे पडलो तर शेवटच्या अर्ध्या तासात काय बदलतो, एवढं पाहायचं. तेव्हाही तोच गोल तसाच खाल्ला तर मी स्वतः नारळ घेऊन येतो.

आणि हो, रविवारी आमच्या तालमीची मीटिंग आहे. विषय क्रमांक दोन, कोच. गेले चार दिवस ती वही शोधतोय. बायको म्हणते, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल.