मांजराला मांस द्या, पण कच्चं कशाला?

पुण्याची माझी भाची गेले काही महिने मला मांजरांच्या कच्च्या आहाराचे व्हिडिओ पाठवतेय. "मावशी, तू अजून भुऱ्याला शिजवून घालतेस? मांजर जंगलात गॅस पेटवतं का?" प्रश्न बिनतोड आहे. फोनवर उत्तर द्यायला गेलं की दरवेळी भांडण होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. खान्देशात मांजर पाळणाऱ्या बाकीच्यांच्याही कामाला येईल.

आधी तिचं जे बरोबर आहे ते. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. कुत्रा भाकरीवर निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. गाजरातून 'अ' जीवनसत्त्व तयार करणं आपल्याला जमतं, मांजराला नाही. ते त्याला आयतं, प्राण्याच्या शरीरातूनच लागतं. टॉरिन नावाचा घटकही तसाच. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदय मोठं आणि दुबळं होतं, हे १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तोवर चांगल्या पाकिटबंद खाण्यावर वाढलेली मांजरंही या दुखण्याने जात होती. नंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार झपाट्याने घटला.

दुसरं, पाणी. आपल्या मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातलं रानमांजर. शिकारीतूनच पाणी मिळवायची त्याची सवय, त्यामुळे तहान लागली तरी ते वाटीकडे फारसं फिरकत नाही. उंदरात दोन तृतीयांश पाणी असतं, कोरड्या दाणेदार खाण्यात जेमतेम दहा टक्के. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या आसपास खेळतो. अशा उन्हाळ्यात बोक्याला नुसत्या दाण्यांवर ठेवणं मला पटत नाही. मूत्रमार्ग तुंबण्याचं दुखणं बोक्यांनाच जास्त होतं. बोका सारखा लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पण भाची ज्या भांडणात उतरलीय ते पाकीट विरुद्ध कच्चं मांस असं आहे, आणि ते आपल्याकडचं भांडणच नाही. आपल्याकडे बहुतेक मांजरांनी पाकीट पाहिलेलंच नसतं. "मांजरले काय लागस? दूध-भाकर बस," हे आमच्या शेजारच्या आजींचं ठाम मत. आजींच्या काळात ते चालूनही गेलं, कारण धाब्याच्या घरात, कणगीमागे, कपाशीच्या ढिगात उंदीर मुबलक होते. मांजराचं खरं जेवण तिकडे व्हायचं, भाकरी नुसती तोंडीलावणं. आता स्लॅबची घरं, गोदामात विषाच्या गोळ्या. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही जाऊ शकतं. उंदीर गेले आणि तोंडीलावणंच ताटभर उरलं. दूध तर मोठ्या मांजरांपैकी अनेकांना पचतही नाही, पातळ शी होते. शाकाहारी घरांची अडचण मला समजते, माझं माहेर तसंच. पण घरात मांस आणायचंच नसेल तर टॉरिनचं प्रमाण लिहिलेलं, ओलं, तयार खाणं आणा. मांजराला आपला उपास घडवू नका.

भाचीच्या व्हिडिओंत एक जुना प्रयोग हमखास येतो. फ्रान्सिस पॉटेंजर नावाच्या डॉक्टरने कॅलिफोर्नियात १९३०-४०च्या काळात काही मांजरांना कच्चं आणि काहींना शिजवलेलं मांस घातलं. शिजवलेलं खाणारी पिढ्यान्‌पिढ्या खंगत गेली. झालं, शिजवणं म्हणजे विष! पण तेव्हा मांजराला टॉरिन बाहेरून लागतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टॉरिन पाण्यात उतरतं. मांस उकडून पाणी फेकलं की बरंचसं त्याच्याबरोबर मोरीत जातं. त्या मांजरांना टॉरिनच कमी पडलं असावं, हे आजचं स्पष्टीकरण मला पटतं. मग उपाय साधा आहे: पाणी फेकायचं नाही.

आता कच्च्याचं. परदेशी बाई व्हिडिओत फ्रीजरमधून सीलबंद डबा काढते. आपण बाजारातून ब्रॉयलर आणतो. कोंबडी समोर कापली म्हणून ताजी, हे खरं. पण तोच ओंडका, तोच सुरा, तीच पाण्याची बादली सकाळपासून चालू असते. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू डोळ्यांना दिसत नाही. तापमान ३२च्या वर असेल तर कच्चं मांस बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नये म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये रात्रीही तेवढं असतं, आणि वीज गेली तर फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. शिवाय मांजर ते मांस फरशीवर ओढून खाणार आणि त्याच तोंडाने नातवाचा गाल चाटणार. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर मी या विषयावर चर्चाही करणार नाही.

आणि बर्ड फ्लू. देशातल्या कोंबड्यांमधला पहिला उद्रेक कुठे झाला, आठवतं? फेब्रुवारी २००६, आपलं नवापूर. २०२१ मध्ये पुन्हा तिथेच. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाल्यांचे संसार उघड्यावर आले. तेव्हा मांजरांचा विचार कुणी केला नाही. पण २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले, आणि २०२५च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांत तो सापडला. फ्रीजरच्या थंडीने हा विषाणू मरत नाही. नीट शिजवल्याने मरतो. म्हणून आमच्या नवापूरच्या नातेवाइकांनी कच्च्याचं नाव काढलं की मी सरळ नाही म्हणते.

भुऱ्याचं म्हणाल तर कोंबडीची तंगडी, कारण छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा गडद मांसात टॉरिन जास्त. सोबत कलेजी-पोटा आणत असाल तर त्यात आलेलं हृदय फेकू नका, टॉरिनसाठी तेच सर्वात मोलाचं. मीठ-मसाल्याशिवाय थोड्या पाण्यात शिजवायचं, कोमट झालं की त्याच पाण्यासकट द्यायचं. शिजलेली हाडं काढून टाकायची, ती फुटून टोकदार होतात. हाडं गेली की कॅल्शियम गेलं. नुसत्या मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम पंधरा-वीस पट कमी असतं, महिनोन्‌महिने तेच दिलं तर पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड चालते, पण किती घालायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. टॉरिनची पूडही त्यांनाच विचारून. कलेजी मांजराला फार आवडते, म्हणून रोज पोटभर घालू नका. 'अ' जीवनसत्त्व साठून मान आखडते. आणि आपल्या काळ्या मसाल्याचा रस्सा उरला म्हणून टाकू नका, त्यातला कांदा-लसूण मांजराचं रक्त फोडतो.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा दिवस गाई-बैलांत जातो. मांजर घेऊन गेलात तर आधी लोक हसतात. हसू द्या, आपला नंबर धरून बसा.

बदल मात्र सावकाश करा. जुन्या खाण्यात नवं चमचाभर, मग दोन चमचे, आठ-दहा दिवस लागू द्या. हट्टी बोका असेल तर महिनासुद्धा. "भूक लागली की खाईल" हा आपला पोरांवरचा खाक्या मांजरावर चालवू नका. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं, त्यातून ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. एक दिवसभर तोंड लावलं नाही की जुनंच पुढे ठेवा आणि आठवड्याने पुन्हा सुरू करा.

भाचीला हे पाठवलंय. तिने अजून फक्त डोळे फिरवणारं चित्र टाकलंय. धुळे-नंदुरबारकडे टॉरिनची पूड किंवा ओलं खाणं कुठल्या दुकानात मिळतं, कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. जळगावहून दरवेळी मागवणं परवडत नाही म्हणून दोघी-तिघी विचारतायत.